उजवा खांदा

दारव्ह्याचे कोच बोलले ते पेपरात आलं,
पान पाच, खाली, कापसाच्या भावाला चिकटून:
"तोडसामचे हात चांगले आहेत. डोकं अजून यायचं आहे."
आणि पुसदचे कोच, नाव छापू नका या अटीवर:
"बॉल उचलण्याआधी त्याचा खांदाच सांगून टाकतो
कुठं जाणार ते. आम्ही फक्त वाचतो."

आठ वाजेपर्यंत तो पेपर माझ्या दुकानात
सोळा हातांतून गेला.
फवाऱ्याचं पाणी पडून 'डोकं' तेवढं पसरलं.

इंदल राठोड अर्ध्या दाढीनं खुर्चीतून उठला.
"डोकं नाही म्हन्ते! मांगच्या साली
नेटवर याइच्या पोट्ट्याइले कोनं नाचोलं होतं मंग?"
रफीकनं, ज्यानं जन्मात व्हॉलीबॉल खेळला नाही,
फक्त फुगवला, पंक्चर काढला,
बाहेर पिचकारी टाकली: "खांदा वाचते म्हने.
बाराखडी येते का बे त्याले?"
ग्रामपंचायतीच्या ठमकेबाईंनी झाडू न ठेवताच निकाल दिला,
"जयते मेले. आपल्या कॉलेजले एक तं लिफ्टर भेटला."

मग ठरलं: फायनलला दोन ढोल.
दारव्ह्याच्या बाकड्यामागे, अगदी कानाशी.
गाढवाला कोचची टोपी घालून न्यायचंही ठरलं.
टोपी मिळाली, गाढव मिळालं नाही.

मी वस्तरा पुसत राहिलो.

हंसराज तोडसाम दर दुसऱ्या रविवारी येतो.
मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतो
आणि कापड उजवीकडे घसरतं.
दुसऱ्या कोणाचं घसरत नाही.
दिवाळी ते होळी तो जिनिंगात रातपाळी करतो,
सरकीची पोती, सगळी उजव्या अंगानं.
सकाळी तेच अंग घेऊन नेटखाली उभा राहतो.
पुसदच्या माणसानं लांबून पाहिलं,
मी तीन वर्षं वीतभरावरून.
पण मला कोणी विचारलं नव्हतं,
आणि मीही काय, दाढीचे वीस रुपये घेणारा माणूस.

संध्याकाळी तो आला.
पेपर कोणीतरी गादीखाली सारला,
सारे एकदम कापसाच्या भावावर बोलू लागले.
"केस नको, काका. मांगून आरसा दाखवा फक्त."
मी आरसा धरला.
त्यानं हात वर नेले, दहाही बोटं उघडी,
जणू छतावरून काही उतरत होतं.
पुढच्या आरशात मागचा आरसा,
त्यात त्याची पाठ,
आणि उजवीकडे ती उतरण,
शेताच्या बांधाला पाणी जिथून फुटतं तशी.

"दिसते का?"

दुकानात इंदल होता, रफीक होता.
ते माझ्याकडे असे बघत होते
की मीच पेपरात बोललो होतो.

"दिसते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, हात खाली घेतले,
कंगवा मागितला, भांग पाडला, गेला.
तेव्हापासून इंदल दाढी दिग्रसला करतो.

फायनल आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकतो.
पण तिसरा सेट, तेवीस-तेवीस,
हॅलोजनला पाखरं झोंबलेली,
दुरून आलेली सर्व्हिस कोणीतरी कशीबशी वर काढली
आणि हंसराज बॉलखाली सरकला.
ढोल बंद पडले. कोणी सांगितलं नव्हतं.
बॉलकडे कोणाचं लक्ष नव्हतं,
आम्ही सगळे एक खांदा बघत होतो,
ज्यांनी शिव्या दिल्या ते तर डोळे न मिटता.
तेवढ्यात माझं लक्ष बाजूला गेलं:
रफीक, ठमकेबाई, टोपी हातात घेतलेला पोरगा,
पार पलीकडे, मला टाळून उभा असलेला इंदल,
प्रत्येकानं आपापला उजवा खांदा
हळूच, श्वास धरून,
वर उचलून धरला होता.